मोहिमांचे ऋतू, भटकंतीचे ऋतू : नांदेड-लातूरचे किल्ले वर्षभरात कसे पाहावेत?

#इतिहास_धागा

१/
मराठवाड्यातील तरुणांचे गट पावसाळा लागला की सह्याद्रीची वाट धरतात. माहूर, कंधार, औसा आणि उदगीर हे किल्ले मात्र घराजवळ असूनही अनेकांचे पाहायचे राहून जातात. या किल्ल्यांचा इतिहास ऋतूंशी घट्ट बांधलेला आहे. कोणता किल्ला कोणत्या महिन्यात पाहावा, याचे उत्तर इतिहासच देतो.

२/
मध्ययुगीन दख्खनमध्ये मोहिमांचे वर्ष दसऱ्याला सुरू होई. शिलंगणाचे सोने लुटून फौजा बाहेर पडत आणि मृगाचा पाऊस कोसळण्याआधी छावणीला परतत. कारण साधे होते. येथील काळी माती भिजली की तोफांचे गाडे चाकांच्या आसापर्यंत रुतत. गोदावरी, मांजरा, पैनगंगा आणि मन्याड यांना पूर आला की उतार बंद होत. जनावरांना वैरण आणि माणसांना धान्य मिळे तेही पिके हाती आल्यावरच.

३/
पावसाळा : माहूर.
किनवटच्या जंगलातून वाट काढणारी पैनगंगा आणि इस्लापूरजवळचा सहस्रकुंड धबधबा यांचे खरे रूप श्रावण-भाद्रपदात दिसते. पुढे माहूरगड. रेणुकामाता, दत्त आणि अनसूया यांची ही तीर्थभूमी विदर्भ आणि तेलंगण यांच्या वेशीवर उभी आहे. म्हणूनच हा किल्ला ज्याच्या हाती, त्याच्या हाती वाटांची किल्ली असे.

४/
१६२३ मध्ये शाहजादा खुर्रम, म्हणजे पुढचा शाहजहान, बापाविरुद्ध बंड करून बुऱ्हाणपूरहून पळाला, तो पावसाचिखलातून माहूरच्याच वाटेने. हत्ती आणि जड सामान त्याने माहूरच्या उदारामाकडे सोडले आणि गोवळकोंड्याच्या मुलखातून ओडिशा गाठले. पावसाळ्यात हलकेच निघावे लागते, हा धडा बादशहाच्या मुलालाही चुकला नाही.

५/
याच उदारामाच्या घराण्यातील सावित्रीबाई 'रायबागन' या किताबाने ओळखली जाते. २ फेब्रुवारी १६६१ रोजी उंबरखिंडीत कारतलबखानाची फौज शिवाजी महाराजांनी कोंडली, तेव्हा ती मोगलांच्या बाजूने तेथे हजर होती. शरण जाण्याचा शहाणा सल्ला खानाला तिनेच दिला, असे परमानंदाचे 'शिवभारत' सांगते. म्हणजे सह्याद्रीच्या त्या प्रसिद्ध खिंडीत माहूरही होतेच.

६/
शरद : नांदेड.
१७०८ मध्ये बादशहा बहादूरशाह आपला भाऊ कामबक्ष याच्यावर चालून दक्षिणेत आला. त्याच्या छावणीसोबत गुरू गोविंदसिंगजी गोदाकाठी पोहोचले. येथेच माधोदास बैराग्याची त्यांच्याशी भेट झाली आणि तो बंदासिंग बहादूर झाला. ७ ऑक्टोबर १७०८ रोजी गुरुजी येथेच ज्योतीत विलीन झाले. बादशाही फौज पुढे गेली आणि जानेवारी १७०९ मध्ये हैदराबादजवळ कामबक्षाचा शेवट झाला. आजही दसऱ्याला नांदेडात निघणारी हल्लाबोल मिरवणूक पाहिली, की दसरा हा शस्त्रांचा सण का, हे पुस्तकाविना कळते.

७/
हिवाळा : उदगीर आणि औसा.
माघातील कोरडी थंडी, घट्ट झालेली जमीन आणि कापणीला आलेली ज्वारी. याच दिवसांत, ३ फेब्रुवारी १७६० रोजी, सदाशिवरावभाऊंनी निजामाला नमवले. लढाई 'उदगीरची' म्हणून ओळखली जाते, पण तिचे रण औशाच्या दिशेने पसरले होते. मराठ्यांकडे इब्राहिमखान गारद्याचा तोफखाना होता आणि तोफखान्याला कोरडी भुई लागते. तहात सुमारे ६० लाखांचा मुलूख मिळाला. दौलताबाद, असीरगड, बुऱ्हाणपूर आणि विजापूरही पदरात पडले.

८/
विजयाचा आनंद फार टिकला नाही. बुराडी घाटावर दत्ताजी शिंदे पडल्याची बातमी दक्षिणेत आली. मार्चमध्ये भाऊ परतूरहून उत्तरेकडे निघाले. ऐन पावसाळ्यात यमुना दुथडी वाहत होती, म्हणून भाऊंना पलीकडे अब्दालीवर जाता आले नाही. पाणी ओसरू लागताच ऑक्टोबरमध्ये अब्दालीच बागपतजवळ नदी उतरला. १४ जानेवारी १७६१ रोजी पानिपत घडले. उदगीरला ऋतू मराठ्यांच्या बाजूने होता, यमुनाकाठी नव्हता.

९/
औशाचा भुईकोट खोलगट जागी बसवलेला आहे. भोवतीच्या उंचवट्यांमुळे लांबून येणाऱ्याला तो सहजी दिसत नाही, बुरुजावरून मात्र येणारा दिसतो. हिवाळ्याच्या स्वच्छ हवेत ही युक्ती नीट उमगते. एका मित्राला दूर उभे करावे आणि दुसऱ्याने बुरुजावरून त्याला शोधावे. जवळच खरोसा येथे जांभ्या दगडात कोरलेली शैव, वैष्णव आणि जैन लेणी आहेत. जांभा मऊ असतो, त्यामुळे तेथील शिल्पे दर पावसाळ्यात थोडी थोडी झिजतात. आज काढलेले छायाचित्र उद्याचा पुरावा ठरू शकते.

१०/
उन्हाळा : कंधार.
मन्याडकाठचा हा किल्ला समजायचा तर तहान लागायला हवी. राष्ट्रकूट राजा तिसरा कृष्ण (इ.स. ९३९-९६७) याच्या काळाशी त्याचे नाव जोडले जाते. जवळचा जगत्तुंग सागर आणि तटाभोवतीचा रुंद खंदक पाहिला, की येथील संरक्षणाचा अर्धा भार पाण्यावर होता, हे लक्षात येते. (खंदकात उतरू नये आणि उन्हाळ्यात सकाळी दहाच्या आत बाहेर पडावे.)

११/
मे १६३१ मध्ये शाहजहानच्या नसीरीखानाने हा किल्ला निजामशाहीकडून जिंकला. तो १६३०-३२ च्या भीषण दुष्काळाचा काळ होता. वेढ्याचे चित्र 'पादशाहनामा'च्या सचित्र प्रतीत पयाग या चित्रकाराने रंगवले असून ती प्रत आज इंग्लंडमध्ये विंडसर येथे आहे. नाव वाचून अनेकांना ते अफगाणिस्तानातील कंदाहार वाटते. ते आपले कंधार आहे! हाच सरदार पुढे खान दौरान झाला आणि १६३६ मध्ये त्याने उदगीर आणि औसाही घेतले.

१२/
हे सगळे नोंदवण्याची घाई का? ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे औसा तालुक्यातील किल्लारी परिसर भूकंपाने जमीनदोस्त झाला. हजारो माणसे गेली. त्यांच्याबरोबर जुने वाडे, गढ्या, पार आणि म्हाताऱ्यांच्या तोंडच्या हकिकतीही गेल्या. ज्यांची नोंद झाली नव्हती, त्या कायमच्या गेल्या. गुप्तधनाच्या लोभाने खणलेले खड्डे आणि तटावर कोरलेली नावे हेच काम सावकाश करीत असतात.

१३/
म्हणून चार मित्रांनी कामे वाटून घ्यावीत. एकाने शिलालेखांची छायाचित्रे काढावीत. दुसऱ्याने पावलांनी मोजून नकाशा आखावा. तिसऱ्याने विहिरी, टाकी आणि पाण्याच्या वाटा शोधाव्यात. चौथ्याने गावातील वडीलधाऱ्यांशी बोलून जागांची जुनी नावे उतरवून घ्यावीत. प्रत्येक पानावर तारीख आणि ऋतू लिहावा. तोच किल्ला दुसऱ्या ऋतूत पुन्हा पाहिला, की पहिल्या खेपेला न दिसलेले पुष्कळ दिसते. यंदा मृग बरसला की सुरुवात माहूरपासून करता येईल.