स्वस्त अवजारांची पारख

मुंबईच्या नागदेवी स्ट्रीटवर किंवा पुण्याच्या बोहरी आळीत पक्कड घ्यायला गेलेला ग्राहक ती आधी हातात तोलून पाहतो, दोन-चार वेळा उघडझाप करतो, जबडे मिटवून उजेडासमोर धरतो आणि मगच भावाला हात घालतो. ऑनलाइन खरेदीत हा क्रम उलटा झाला आहे. पैसे आधी, पारख नंतर. त्यातून '४६ नगांचा संच, ८० टक्के सूट' अशी जाहिरात समोर आली की घासाघीस करण्याचेही कारण उरत नाही. छापील किंमत मुळातच फुगवलेली असेल, तर सुटीच्या टक्केवारीला काही अर्थ नसतो, ही गोष्ट वेगळी.

स्वस्त म्हणजे वाईटच, असेही नाही. जालंधर, लुधियाना आणि राजस्थानातील नागौर येथे हाताची अवजारे मोठ्या प्रमाणावर बनतात आणि त्यातली बरीचशी माफक दरात चांगली असतात. प्रश्न किमतीपेक्षा वेगळा आहे. हे अवजार दगा देईल तेव्हा काय होईल, हे ग्राहकाने आधी ठरवावे. मोजपट्टी खराब निघाली तर फार तर फळी चुकीची कापली जाईल. कटाईची चकती फुटली तर डोळा जाऊ शकतो. पहिल्या वर्गात काटकसर जरूर करावी, दुसऱ्यात मात्र मुळीच करू नये.

वस्तूच्या पानावर पाहायच्या गोष्टी मोजक्या आहेत. वैधमापन नियमांतील २०१७च्या दुरुस्तीनुसार पाकीटबंद मालाच्या उत्पादकाचे, पॅकरचे किंवा आयातदाराचे नाव-पत्ता, कमाल किरकोळ किंमत आणि ग्राहक सेवेचा तपशील विक्रीच्या पानावरच द्यावा लागतो. ही तरतूद १ जानेवारी २०१८पासून लागू आहे. माल कोणत्या देशात बनला, हेही सांगणे बंधनकारक आहे. हा मजकूर अपुरा असेल, तर पुढे तक्रार करायची कोणाकडे, हेच कळत नाही. अभिप्रायांबाबत भारतीय मानक ब्युरोने नोव्हेंबर २०२२मध्ये 'आयएस १९०००' हे मानक जाहीर केले खरे, पण ते ऐच्छिक स्वरूपाचे होते. त्यामुळे तारकांची सरासरी बाजूला ठेवून दोन किंवा तीन तारका देणाऱ्यांनी काय लिहिले आहे, ते वाचावे. वापरून झिजलेल्या अवजाराचे छायाचित्र शंभर 'उत्तम वस्तू' अभिप्रायांपेक्षा मोलाचे असते.

'क्रोम व्हॅनेडियम' हा शिक्का आता पाने आणि पेचकसांवर सर्रास दिसतो. हे मिश्रपोलाद चांगलेच, पण शिक्का उठवायला खर्च येत नाही. शिवाय पोलाद कितीही उत्तम असले तरी त्याला पाणी नीट दिलेले नसेल, तर पेचकसाचे टोक पहिल्याच घट्ट स्क्रूला पिळवटते. जुने मिस्त्री टोकावर कानस फिरवून पाहतात. कानस सरकली तर टोक कडक, चावली तर मऊ. मात्र असा ओरखडा उठलेला माल परत करताना वाद होतो. त्यापेक्षा सागाच्या तुकड्यात दोन-तीन स्क्रू जोर लावून बसवून पाहावेत आणि टोकाची धार गोल झाली का, हे भिंगाने तपासावे. ड्रिलच्या बिटांवरील सोनेरी रंगालाही भुलू नये. टायटॅनियम नायट्राइडचा खरा थर सोनेरीच असतो, पण सोनेरी दिसणाऱ्या प्रत्येक बिटावर तो असतोच असे नाही. बिट काचेवर घरंगळवले की वाकडे असल्यास लगेच डुगडुगते.

सर्वाधिक फसगत बॅटरीवरच्या ड्रिल मशीनमध्ये होते. लिथियम-आयन सेलचा दाब पूर्ण भारित असताना ४.२ व्होल्ट आणि नेहमीच्या गणनेत ३.६ व्होल्ट धरतात. पाच सेल एका रांगेत जोडले की पहिल्या हिशेबाने २१ आणि दुसऱ्याने १८ व्होल्ट होतात. म्हणजे '२१ व्होल्ट'चे मशीन १८ व्होल्टच्या मशीनपेक्षा ताकदवान असतेच असे नाही, बहुधा ते तेच असते. '४८ व्हीएफ', '८८ व्हीएफ' हे आकडे तर अनेकदा केवळ मॉडेलची नावे असतात. क्षमतेचा दावा तपासण्यासाठी स्वयंपाकघरातला वजनकाटा पुरतो. '१८६५०' आकाराच्या एका सेलचे वजन ५० ग्रॅमच्या आत असते आणि त्याची क्षमता जेमतेम साडेतीन अँपिअर-अवरपर्यंत जाते. त्याहून मोठ्या '२१७००' सेलची क्षमता ५च्या आसपास आणि वजन सुमारे ७० ग्रॅम. तेव्हा '१० अँपिअर-अवर' लिहिलेली बॅटरी ३०० ग्रॅम भरली, तर आत पाचच सेल आहेत आणि लेबल खोटे आहे.

मोजमापाची साधने घरीच पाच मिनिटांत तपासता येतात. पाणसळ भिंतीलगत धरून बुडबुडा कुठे थांबतो ते पाहावे, मग तीच पाणसळ टोकांची अदलाबदल करून त्याच जागी धरावी. बुडबुडा त्याच बाजूला, तितकाच सरकलेला दिसला तर भिंत तिरपी. तो दुसऱ्या बाजूला गेला तर पाणसळ सदोष. गुण्याने एक रेघ मारावी, गुण्या उलटा करून त्याच बिंदूपासून दुसरी मारावी. दोन्ही जुळल्या पाहिजेत. टेपच्या टोकाचा हूक किंचित हलतो म्हणून अनेक जण तो परत पाठवतात. तो हलायलाच हवा. आतून आणि बाहेरून मोजताना हुकाची जाडी भरून निघावी, यासाठी तो तितकाच सैल ठेवलेला असतो.

किनारपट्टीच्या शहरांत बिजागऱ्या आणि कडी-कोयंड्यांचा प्रश्न अधिक जाचक आहे. 'स्टेनलेस स्टील' या दोन शब्दांत ३०४ प्रतीचे पोलादही येते आणि २०२ प्रतीचेही. दुसऱ्यात निकेल कमी आणि मँगनीज जास्त असल्याने खाऱ्या हवेत ते लवकर डागाळते. लोहचुंबक येथे फसवतो, कारण तो या दोन्हींना फारसा चिकटत नाही. म्हणून प्रत लिहून दिलेलीच बिजागरी घ्यावी. पितळेची परीक्षा मात्र चुंबकाने सोपी होते. चुंबक चिकटला तर आत लोखंड आणि वर मुलामा.

आता धोक्याच्या वस्तू. पकडीच्या मुठीवरचे रंगीत प्लास्टिक म्हणजे विद्युतरोधन नव्हे. विजेच्या कामासाठी खास बनवलेल्या पकडीवर '१००० व्ही' हा आकडा आणि एकात एक दोन त्रिकोणांचे चिन्ह असते. ते नसेल तर २३० व्होल्टच्या तारेजवळ ती नेऊ नये. चिन्ह असले तरी मेन स्विच बंद करूनच काम करावे. दोन पिनांचे वीजयंत्र घेताना त्यावर चौकोनात चौकोन, म्हणजे दुहेरी रोधनाचे चिन्ह शोधावे. वस्तूवर आयएसआय चिन्ह असेल तर त्यासोबतचा 'सीएम/एल' क्रमांक ब्युरोच्या 'बीआयएस केअर' अॅपवर पडताळता येतो. हा खटाटोप व्यर्थ नाही. मार्च २०२५मध्ये ब्युरोने अॅमेझॉन आणि फ्लिपकार्ट समूहाच्या दिल्लीतील गोदामांवर छापे घालून प्रमाणन चिन्ह नसलेला माल जप्त केला होता.

ग्राइंडरच्या चकतीबाबत तर अजिबात तडजोड नको. चार इंची ग्राइंडर मिनिटाला सुमारे ११ हजार फेरे घेतो. चकतीवर छापलेली कमाल गती त्याहून जास्त असलीच पाहिजे, चांगल्या चकतीवर ती १५ हजारांच्या पुढे असते. मधल्या धातूच्या कड्यावर मुदत संपण्याचा महिना व वर्ष असते, कारण राळेने जोडलेली चकती काळाने, विशेषतः पावसाळी ओलाव्याने, कमकुवत होते. सवलतीत मिळणारा जुना साठा येथेच खपतो. आकडे नसलेली चकती लावू नये आणि लोखंडी संरक्षक कवच काढून यंत्र चालवू नये.

माल परत करण्याची मुदत बहुधा ७ ते १० दिवसांची असते. पार्सल उघडतानाच चित्रीकरण करावे, खोका व बिल जपून ठेवावे आणि वरील चाचण्या पहिल्या दोन दिवसांत उरकाव्यात. ई-कॉमर्स नियम, २०२०नुसार सदोष माल परत घेण्यास विक्रेता नकार देऊ शकत नाही, तर संकेतस्थळाच्या तक्रार अधिकाऱ्याने ४८ तासांत पोच आणि महिनाभरात निवारण करणे अपेक्षित आहे. तसे न झाल्यास १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर दाद मागता येते. जिल्हा ग्राहक आयोगाकडे ५ लाख रुपयांपर्यंतच्या खरेदीच्या तक्रारीस शुल्क आकारले जात नाही.