नवा स्मार्टफोन ठेवावा की परत करावा?

दसरा-दिवाळीच्या मुहूर्तावर घरात नवा स्मार्टफोन येतो. सिमकार्ड बदलले जाते, संपर्कयादी आणि छायाचित्रे नव्या फोनमध्ये येतात, आणि पहिला दिवस कौतुकात जातो. दुसऱ्या दिवशी लक्षात येते की, वर्षानुवर्षे वापरात असलेला शब्दकोश किंवा सोसायटीच्या वर्गणीचा हिशेब ठेवणारे अ‍ॅप नव्या फोनमध्ये उतरतच नाही. 'हे अ‍ॅप आपल्या उपकरणाशी सुसंगत नाही' एवढीच ओळ पडद्यावर येते. यंत्रात खोट काढावी असे काही नसते. पडदा सुरेख असतो, कॅमेरा जुन्यापेक्षा कितीतरी सरस असतो आणि बॅटरी दिवसभर पुरते. तरीही रोजच्या सवयीचे एखादे काम अडते. दुकानदार कंपनीकडे बोट दाखवतो, कंपनी अ‍ॅप तयार करणाऱ्याकडे, आणि अ‍ॅप तयार करणाऱ्याचा पत्ता बहुधा कोणालाच माहीत नसतो. या टोलवाटोलवीत फोन बदलून घेण्याची मुदत मात्र संपत जाते. ऑनलाइन खरेदीत ही मुदत अनेकदा जेमतेम आठवडाभराची असते.

अशा वेळी 'फोन चांगला आहे की वाईट' हा प्रश्न ग्राहकाच्या फारसा उपयोगी पडत नाही. त्याऐवजी दोन प्रश्न विचारायला हवेत. ही अडचण काळाच्या ओघात सुटणारी आहे काय? आणि सुटणारी नसेल, तर दुसरा फोन घेतल्याने ती सुटेल काय? बाहेरून सारख्या दिसणाऱ्या अडचणींची उत्तरे किती वेगवेगळी असतात, हे गेल्या काही वर्षांतील उदाहरणांवरून स्पष्ट होते.

भारतात ५जी सेवेचा प्रारंभ १ ऑक्टोबर २०२२ रोजी झाला. एअरटेलने पहिल्याच दिवशी ज्या आठ शहरांत सेवा सुरू केल्याचे जाहीर केले, त्यांत मुंबई आणि नागपूर होते. त्याच सुमारास महागडा आयफोन १४ घेतलेल्या ग्राहकांच्या फोनवर मात्र ५जी चालत नव्हते. अनेक अँड्रॉइड फोनचीही हीच गत होती. फोनमधील रेडिओ यंत्रणा ५जीसाठी सक्षम होती, परंतु भारतातील सेवेसाठी आवश्यक असलेला सॉफ्टवेअरमधील बदल उत्पादकांकडून यायचा होता. आयफोनसाठी तो डिसेंबर २०२२ मध्ये आयओएस १६.२ या आवृत्तीबरोबर आला आणि तक्रार मिटली. यंत्र सक्षम असणे आणि बदल करणारी कंपनी कामाला लागलेली असणे, या दोन्ही गोष्टी जिथे असतात तिथे थोडा धीर धरणे शहाणपणाचे ठरते. त्या दोन महिन्यांत केवळ ५जीसाठी फोन परत करणाऱ्याने घाईच केली, असे म्हणावे लागेल.

याच्या अगदी उलट प्रकार ३२ बिट अ‍ॅपचा. संगणकाची प्रत्येक आज्ञावली स्मृतीतील जागांना क्रमांक देऊन काम करते. ३२ बिटच्या हिशेबात हे क्रमांक सुमारे चार गिगाबाइटपर्यंतच पुरतात, तर ६४ बिटमध्ये ही मर्यादा व्यवहारात जवळपास उरतच नाही. ६४ बिट प्रोसेसर असलेला पहिला स्मार्टफोन म्हणजे सप्टेंबर २०१३ मध्ये आलेला आयफोन ५एस. त्यानंतर काही वर्षे नव्या फोनवर दोन्ही प्रकारची अ‍ॅप चालत राहिली. परंतु त्यासाठी कार्यप्रणालीला आपल्या साहित्याचे दोन संच सांभाळावे लागतात, म्हणजे एकाच स्वयंपाकघरात दोन चुली पेटत्या ठेवण्यासारखेच. सप्टेंबर २०१७ मध्ये अ‍ॅपलने आयओएस ११ आणून त्यातील एक चूल विझवली. अँड्रॉइडच्या जगात हा बदल सावकाश झाला. गुगलच्या प्ले स्टोअरने ऑगस्ट २०१९ पासून अ‍ॅपची ६४ बिट आवृत्ती देणे बंधनकारक केले. ऑक्टोबर २०२२ मध्ये आलेला पिक्सेल ७ हा केवळ ६४ बिट अ‍ॅप चालवणारा पहिला अँड्रॉइड फोन ठरला. अशा फोनवर जुने ३२ बिट अ‍ॅप आज चालत नसेल, तर पुढच्या वर्षीही चालणार नाही. ज्याने ते अ‍ॅप लिहिले त्याने नवी आवृत्ती काढली तरच मार्ग निघतो. फोनच्या उत्पादकाकडे तक्रार नोंदवून येथे काहीही साध्य होत नाही.

आणखी एक नियम असा आहे की, तो ठाऊक नसलेल्या ग्राहकाला आपला नवा फोन सदोष आहे असेच वाटावे. ऑक्टोबर २०२३ मध्ये आलेल्या अँड्रॉइड १४ ने फार जुन्या आवृत्त्यांसाठी बनवलेली अ‍ॅप नव्याने बसवून घेण्यास नकार देण्यास सुरुवात केली. यात २०१५ च्या अँड्रॉइड ६ पूर्वीच्या नियमांनुसार लिहिलेली अ‍ॅप अडली. २०२४ मधील अँड्रॉइड १५ ने ही रेषा आणखी एक पायरी वर, अँड्रॉइड ७ पर्यंत नेली. यामागील कारण रास्त आहे. अँड्रॉइड ६ पासून कॅमेरा, संपर्कयादी, मायक्रोफोन यांचा वापर करण्यापूर्वी अ‍ॅपला मालकाची स्वतंत्र परवानगी मागावी लागते. त्याआधीच्या पद्धतीत सर्व परवानग्या अ‍ॅप बसवतानाच एकदम दिल्या जात असत. उपद्रवी अ‍ॅप तयार करणारे मुद्दाम जुन्या नियमांचा मुखवटा घालून ही अट चुकवीत, म्हणून ही वाट बंद करण्यात आली.

मात्र या नियमाला एक सवलत जोडलेली आहे आणि सगळा गोंधळ तिथेच होतो. फोनची कार्यप्रणाली अद्ययावत होण्यापूर्वी जे अ‍ॅप त्यात बसवलेले होते, ते तसेच राहू दिले जाते. परिणामी एकाच घरात वडिलांच्या तीन वर्षे जुन्या, पण अँड्रॉइड १४ पर्यंत अद्ययावत झालेल्या फोनवर ते अ‍ॅप सुरळीत चालते आणि मुलीच्या कोऱ्या करकरीत फोनवर, कार्यप्रणाली तीच असूनही, ते बसत नाही. येथे नवा फोन परत करून दुसऱ्या कंपनीचा घेण्यात अर्थ नाही, कारण त्यातही नियम तोच असणार. 'आम्ही बाहेरून फाइल टाकून देतो' असे सांगणारे मोबाइल दुरुस्तीवाले गल्लोगल्ली भेटतात. मात्र नकार खुद्द कार्यप्रणालीच देत असल्याने साध्या युक्तीने तो टळत नाही, आणि अनोळखी ठिकाणाहून आणलेली फाइल ज्या फोनवर बँकेचे व्यवहार होतात त्यात शिरू देणे हा शुद्ध अविचार होय.

अडलेल्या अ‍ॅपचे भवितव्य ओळखण्याची एक साधी खूण आहे. जुन्या फोनवर प्ले स्टोअरमधील त्या अ‍ॅपचे पान उघडून शेवटचा बदल कधी झाला, ती तारीख पाहावी. गेल्या दोन-तीन महिन्यांतील तारीख असेल, तर कर्ता जागा आहे; त्याला कळवावे आणि वाट पाहावी. तारीख पाच-सहा वर्षांपूर्वीची असेल किंवा ते पानच नाहीसे झाले असेल, तर त्या अ‍ॅपचा आधार सुटला असे समजावे. भारतीय भाषांतील छोटी, हौसेने तयार केलेली आणि विनामूल्य वाटलेली अ‍ॅप या दुसऱ्या गटात सहज सापडतात.

मराठी वाचकांच्या वाट्याला आलेला एक त्रास याहूनही जुना आहे. युनिकोड रुळण्यापूर्वी श्रीलिपी, कृतिदेव यांसारख्या प्रणालींत टंकलिखित केलेला मजकूर नव्या फोनवर उघडला की, मराठीऐवजी रोमन अक्षरांची आणि चिन्हांची निरर्थक रांग दिसते. अनेकांना हा फोनचा दोष वाटतो. वास्तविक त्या फाइलमध्ये देवनागरी अक्षरे कधी साठवलेलीच नसतात. रोमन अक्षरांच्या संकेतांवर देवनागरी आकारांचा फाँट चढवलेला असतो, आणि तो फाँट नसेल तर मूळ संकेत उघडे पडतात. आजोबांच्या आठवणींची किंवा संस्थेच्या इतिवृत्ताची अशी फाइल कोणत्याही कंपनीच्या फोनवर तशीच दिसेल. तिचे युनिकोडमध्ये रूपांतर करणे हाच उपाय, आणि ते संगणकावर करणे सोयीचे.

युनिकोडमध्येही मराठीची एक खोच आहेच. 'दुसऱ्या', 'तऱ्हा' यांतील अर्धा र संगणकात दोन वेगवेगळ्या पद्धतींनी साठवता येतो. डोळ्यांना शब्द एकच दिसतो, पण जुन्या फोनवरील कीबोर्डने एका पद्धतीने लिहिलेला शब्द नव्या कीबोर्डने दुसऱ्या पद्धतीने लिहून शोधल्यास तो सापडेलच असे नाही. संपर्कयादीतील 'कोऱ्हाळे' हे आडनाव अचानक गायब झाल्यासारखे वाटण्याचे कारण असे असू शकते. त्यासाठी फोन बदलण्याची गरज नाही. कीबोर्ड बदलून पाहावा.

बँका आणि यूपीआयच्या अ‍ॅपबाबतची कुरकुर तर जवळजवळ प्रत्येक नव्या फोनबरोबर येते. ही अ‍ॅप सिमकार्ड आणि हँडसेट यांची जोडी पडताळून पाहतात. फोन बदलला की नोंदणी पुन्हा करावी लागते आणि सुरुवातीचा काही काळ रकमेवर मर्यादा राहते. हा सुरक्षिततेचा भाग असून एक-दोन दिवसांत त्रास संपतो. व्हॉट्सअ‍ॅपचे मात्र तसे नाही. अँड्रॉइडवरील संभाषणांची प्रत गुगलच्या साठवणीत जाते, तर आयफोनवरील प्रत अ‍ॅपलच्या, आणि या दोन प्रती परस्परांना वाचता येत नाहीत. अँड्रॉइडवरून आयफोनकडे संभाषणे नेण्याची अधिकृत सोय २०२२ मध्ये आली. ही सोय नवा आयफोन प्रथम सुरू करतानाच वापरावी, असे अपेक्षित होते. फोन आठवडाभर वापरून झाल्यावर जाग आलेल्याला तो पूर्ण पुसून पुन्हा आरंभ करावा लागे.

आतापर्यंतच्या उदाहरणांत प्रश्न गैरसोयीचा होता. मधुमेहाच्या रुग्णासाठी तो याहून गंभीर असू शकतो. रक्तातील साखर सतत मोजणारा संवेदक दंडावर लावून त्याची आकडेवारी फोनवर पाहण्याची पद्धत आता रुळली आहे. साखर धोकादायक पातळीपर्यंत उतरली की, फोनवरील अ‍ॅप मध्यरात्रीही इशारा देते. फेब्रुवारी २०२५ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने अशा उपकरणांच्या वापरकर्त्यांना सावध केले. फोनच्या कार्यप्रणालीत बदल झाल्यावर किंवा ब्लूटूथ हेडफोनसारखे नवे साधन जोडल्यावर हे इशारे ऐकू न येण्याचा धोका असल्याचे त्यात म्हटले होते. या संवेदकांचे उत्पादक कोणते हँडसेट आणि कोणत्या आवृत्त्या तपासून घेतल्या आहेत, याची यादी प्रसिद्ध करतात. रुग्णाचा नवा फोन या यादीत नसेल, तर मुदतीच्या आत तो परत करावा किंवा बदलून घ्यावा. 'सध्या तरी चालते आहे' या भरवशावर राहू नये. श्रवणयंत्रे थेट फोनशी जोडणाऱ्या ज्येष्ठांनाही खरेदीपूर्वी अशीच खात्री करून घ्यावी लागते.

कधीकधी एका अ‍ॅपऐवजी संपूर्ण व्यासपीठच डळमळते. नोकियाचा ल्युमिया ८०० हा विंडोज फोन भारतात २०११ च्या अखेरीस आला. जून २०१२ मध्ये मायक्रोसॉफ्टने जाहीर केले की, आगामी विंडोज फोन ८ ही प्रणाली जुन्या संचांवर चालणार नाही. नव्या प्रणालीसाठी लिहिलेली अ‍ॅपही त्यामुळे या ग्राहकांना मिळणार नव्हती. सहा-सात महिन्यांपूर्वी घेतलेला देखणा फोन बघता बघता अडगळीच्या वाटेला लागला. प्रमुख अ‍ॅपच ज्या व्यासपीठाकडे पाठ फिरवतात, तिथे धीर धरून काही पदरात पडत नाही.

आता कायद्याविषयी. २० जुलै २०२० पासून लागू होऊ लागलेल्या ग्राहक संरक्षण कायद्यात 'दोष' या संज्ञेची व्याप्ती मोठी आहे. कायद्याने किंवा कराराने अपेक्षित असलेल्या अथवा विक्रेत्याने दावा केलेल्या दर्जातील उणीव म्हणजे दोष होय. तिसऱ्याच कोणी लिहिलेले जुने अ‍ॅप चालत नाही, हा सहसा फोनचा दोष ठरणार नाही. मात्र जाहिरातीत किंवा खोक्यावर जी सुविधा नमूद केली आहे ती मिळत नसेल, तर ग्राहकाची बाजू भक्कम होते. ऑनलाइन विक्रीसाठीच्या २०२० च्या नियमांनुसार, जाहिरातीतील गुणवैशिष्ट्ये नसलेला माल परत घेण्यास विक्रेत्याला नकार देता येत नाही. सदोष माल पावतीवरील मुदतीत, आणि मुदत नमूद नसल्यास तीस दिवसांत, परत घेऊन पैसे देण्यास नकार देणे ही अनुचित व्यापारी प्रथा मानली जाते. 'एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही' ही पावतीवरील ओळ सदोष मालाच्या बाबतीत विक्रेत्याला वाचवू शकत नाही. मार्गदर्शनासाठी १९१५ हा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक आहे. केवळ मन बदलले म्हणून पैसे परत मिळण्याचा हक्क मात्र कायद्याने दिलेला नाही, त्यासाठी दुकानाचे धोरण खरेदीपूर्वीच वाचावे लागते.

जुन्या फोनच्या बदल्यात सूट देण्याची योजना या सगळ्यात अडचणीची ठरते. नवा फोन घेऊन दारात आलेला माणूस जुना फोन त्याच क्षणी ताब्यात घेतो. म्हणजे तुलना करण्याचे आणि जुने अ‍ॅप चालवण्याचे एकमेव साधन, नव्या फोनचे खोके उघडण्याच्या आतच हातातून जाते. सूट दोन-तीन हजारांचीच असेल, तर ती सोडून जुना फोन घरी ठेवणे अधिक किफायतशीर ठरते. सिमकार्ड काढून आणि बँकेची सर्व अ‍ॅप पुसून तो घरातील वायफायवर त्या एका अ‍ॅपपुरता वापरता येतो. सुरक्षाविषयक सुधारणा मिळणे बंद झालेल्या फोनवर पैशांचा व्यवहार मात्र करू नये.

अ‍ॅपमधील नोंदींचे काय करायचे, हे जुना फोन चालू स्थितीत असतानाच ठरवावे लागते. हिशेबाच्या, औषधांच्या किंवा दैनंदिनीच्या अनेक अ‍ॅपमध्ये सर्व नोंदी तक्त्याच्या फाइलमध्ये काढून घेण्याची सोय सेटिंग्जमध्ये असते. ती नसेल, तर महत्त्वाच्या पानांची पडद्यावरील छायाचित्रे घेऊन ती संगणकावर उतरवून ठेवावीत. जुन्या फोनची फुगू लागलेली बॅटरी या कामासाठी फार दिवस थांबत नाही.