यंत्रविरामाची लेखी आज्ञा : संगणकाच्या विद्युत्-अवस्थांच्या नियंत्रणाचा इतिहास

संगणकाचा इतिहास बहुधा वाढत्या गतीचा इतिहास म्हणून लिहिला जातो. यंत्र किती वेगाने चालले हे त्यात सविस्तर येते. ते थांबले कसे, हा प्रश्न मात्र गौण समजला जातो. वस्तुतः यंत्र थांबविण्याचा अधिकार कोणाचा, तो कोणत्या क्रमाने बजावावयाचा आणि थांबणे म्हणजे नेमके काय, या तीन प्रश्नांची उत्तरे गेल्या चार-पाच दशकांत अनेकदा बदलली आहेत. या बदलांचा माग घेण्यास सर्वांत उपयुक्त साधन म्हणजे यंत्रचालकांनी लिहिलेल्या चार-सहा ओळींच्या आज्ञासंहिता, म्हणजेच स्क्रिप्ट्स, होत.

या इतिहासाचा आरंभ विजेच्या बचतीत नाही, तो माहितीच्या सुरक्षिततेत आहे. युनिक्स प्रणालीत चकतीवर लिहावयाचा मजकूर काही काळ स्मृतीतच राखून ठेवला जात असे. अशा स्थितीत वीज तोडली तर चकतीवरील नोंदी अपुऱ्या व परस्परविसंगत राहत. म्हणून स्मृतीतील मजकूर चकतीवर उतरविणारी ‘सिंक’ ही आज्ञा आधी द्यावयाची आणि मगच यंत्र थांबवावयाचे, असा शिरस्ता पडला. पुढे हा शिरस्ताच आज्ञेत बांधला गेला. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली शाखेतून १९८० मध्ये प्रसृत झालेल्या ‘४.० बीएसडी’ या आवृत्तीत ‘शटडाउन’ ही आज्ञा प्रथम आढळते. तिला थांबण्याची वेळ व इशाऱ्याचा मजकूर सांगता येई आणि ती त्या वेळी यंत्रावर काम करणाऱ्या सर्वांना पूर्वसूचना देई. एकच यंत्र अनेकजण वापरीत असल्यामुळे ते थांबविणे ही सामाजिक कृती होती, हे या आज्ञेच्या रचनेतच गृहीत धरलेले दिसते.

‘सिस्टिम फाइव्ह’ या दुसऱ्या युनिक्स-शाखेने हाच विचार निराळ्या रीतीने मांडला. तेथे यंत्राच्या चालू स्थितींना क्रमांक देण्यात आले. त्यांपैकी ० म्हणजे विराम व ६ म्हणजे पुनरारंभ. प्रत्येक स्थितीसाठी एक संचिका असे व तीतील ‘के’ या अक्षराने आरंभ होणाऱ्या आज्ञासंहिता, नावातील अंकांच्या क्रमाने, एकेक सेवा बंद करीत. थांबण्याची पद्धत अशा रीतीने कोणासही वाचता व बदलता येईल असा मजकूर बनली. तथापि या सर्व खटाटोपानंतरही वीज चालूच राही. अखेरचे बटण दाबण्यास माणसाचा हात लागे.

वैयक्तिक संगणकाच्या बाबतीत ही मर्यादा विशेष जाणवे. तेथील कळ यांत्रिक होती. ती प्रत्यक्ष विद्युत्प्रवाह तोडीत असे. १९९५ मध्ये आलेल्या ‘विंडोज ९५’मध्ये ‘आता संगणक बंद करण्यास हरकत नाही’ अशा अर्थाची सूचना पडद्यावर येई, ती याच मर्यादेची कबुली होती. त्याच वर्षी इंटेलने मांडलेल्या ‘एटीएक्स’ रचनेने ही स्थिती पालटली. यंत्र बंद असतानाही ५ व्होल्टांचा अल्प पुरवठा चालू ठेवावयाचा आणि मुख्य पुरवठा एका संकेततारेने चालू-बंद करावयाचा, अशी ही योजना होती. यापुढे वीज तोडण्याचे अंतिम काम लेखी आज्ञेलाही साधू लागले.

दरम्यान बचतीचा प्रश्नही पुढे आला होता. अमेरिकेच्या पर्यावरण-संरक्षण संस्थेने १९९२ मध्ये ‘एनर्जी स्टार’ योजना सुरू केली. संगणक व त्यांचे पडदे ही तिची पहिली उत्पादने होत. निष्क्रिय असताना संगणकाने ३० वॉटांहून अधिक वीज घेऊ नये, अशी तिची आरंभीची अट होती. एप्रिल १९९३ मधील अध्यक्षीय आदेशाने संघराज्याच्या कार्यालयांना असेच संगणक घेण्यास सांगण्यात आले. इंटेल व मायक्रोसॉफ्ट यांनी १९९२ मध्ये मांडलेल्या ‘एपीएम’ या संकेतात मात्र निद्रेचा निर्णय बव्हंशी यंत्राच्या मूळ आज्ञावलीकडे, म्हणजे बायोसकडे होता. बायोसला यंत्राची हालचाल कळे, कामाचा हेतू कळत नसे.

हा दोष दूर करण्यासाठी डिसेंबर १९९६ मध्ये इंटेल, मायक्रोसॉफ्ट व तोशिबा यांनी ‘एसीपीआय’ हा संकेत प्रसिद्ध केला. त्याने निर्णयाचा अधिकार कार्यप्रणालीकडे सोपविला व अवस्थांना निश्चित नावे दिली. एस-० म्हणजे जागृती. एस-३ म्हणजे केवळ स्मृतीला वीज देणारी निद्रा. एस-४ म्हणजे स्मृतीची प्रत चकतीवर ठेवून घेतलेली सुप्तावस्था. आणि एस-५ म्हणजे विराम. नावे निश्चित झाल्यावर आज्ञा लिहिणेही सुलभ झाले. लिनक्समध्ये ‘/सिस/पॉवर/स्टेट’ या फाइलीत ‘मेम’ हा एक शब्द लिहिला की यंत्र निद्रित होते. ‘डिस्क’ लिहिला की सुप्तावस्थेत जाते. ‘आरटीसीवेक’ ही आज्ञा घड्याळाला उठविण्याची वेळ सांगून ठेवते. १९७९ च्या सातव्या युनिक्स-आवृत्तीपासून परिचित असलेला ‘क्रॉन’ हा कालनियोजक यांच्या जोडीस घेतला, म्हणजे रात्री यंत्रे थांबविण्याची व्यवस्था दोन ओळींत होते. दूरच्या यंत्राला जागे करण्यासाठी ‘मॅजिक पॅकेट’ ही युक्ती आहे : सहा बाइट पूर्ण भरलेले, त्यांमागे यंत्राचा सहा बाइटांचा जाळेपत्ता सोळा वेळा; एकूण १०२ बाइटांचा हा संदेश झोपलेल्या यंत्राचे जाळेपत्रक ओळखते.

या आज्ञासंहिता क्षुल्लक आहेत, त्यांना इतिहासाचे साधन मानणे अतिशयोक्तीचे होय, असा आक्षेप घेता येईल. परंतु दोन ओळींची आज्ञा चुकीच्या वेळी चालली तर रात्रभर चाललेले गणित वाया जाते. ती मुळीच नसेल तर रिकाम्या खोल्यांतील यंत्रे वीज खात राहतात. लेखी आज्ञा वेळ जाणते, प्रसंग जाणत नाही. म्हणूनच २०१० मध्ये आलेल्या ‘सिस्टिमडी’ने पुढे अशी सोय केली की, महत्त्वाचे काम करणाऱ्या आज्ञावलीने निद्रेस वा विरामास तात्पुरती हरकत नोंदवावी. बर्कलीच्या आज्ञेतील पूर्वसूचना माणसांसाठी होती; ही हरकत आज्ञावलींसाठी आहे. प्रश्न मात्र एकच : थांबविणाऱ्याने कोणाला विचारावे?

तिसरा प्रश्न शब्दार्थाचा. २०१२ च्या ‘विंडोज ८’मध्ये जलद आरंभाची सोय आली. तिच्या योगाने पडद्यावरील ‘बंद करा’ हा पर्याय प्रणालीचा गाभा पुसून टाकीत नाही, तो चकतीवर जपून ठेवतो. याउलट ‘शटडाउन’ ही लेखी आज्ञा विरामाच्या साध्या पर्यायासह दिली असता पूर्ण विराम घडविते. संमिश्र विराम हवा असल्यास तसे वेगळे लिहावे लागते. एकाच नावाच्या दोन क्रिया अशा भिन्न झाल्या, आणि शब्दाचा जुना अर्थ लेखी आज्ञेत टिकून राहिला.

या विवेचनावरून असा निष्कर्ष निघतो की, थांबविण्याचा अधिकार बोटाकडून बायोसकडे, तेथून कार्यप्रणालीकडे व तिच्या द्वारे लिहिणाऱ्याकडे आला. या संक्रमणात बचत साधली. पण तीबरोबर जबाबदारीही स्थलांतरित झाली. कळ दाबणारा माणूस यंत्रासमोर उभा असे. आज्ञा लिहिणारा ती बजावली जाते त्या वेळी तेथे नसतो. त्याच्या अनुपस्थितीत काय जपले जावे याचा विचार त्याने आधीच करून ठेवला आहे की नाही, हे त्या चार-सहा ओळींत स्पष्ट दिसते. संगणकाच्या इतिहासकाराने त्या ओळी जतन करून वाचावयाच्या त्या याच कारणासाठी.