पगाराच्या रात्रीचा तांब्या

लालबागला आईची खाणावळ होती. पगाराच्या रात्री ती भाताला दोन ओंजळी तांदूळ जास्त घ्यायची. उद्याच्या पेजेची ती तयारी असे.

जेवायला येणारे गिरणीतले. कोणी मालवण-रत्नागिरीकडचे, गावकऱ्यांच्या गाळ्यात पथारी टाकणारे, कोणी घाटावरचे. सूत तुटू नये म्हणून साचेखात्यात हवा मुद्दाम दमट ठेवत. त्या उकाड्यात पाळीभर घाम गाळून माणूस आधीच सुकलेला असायचा आणि तसाच गुत्त्यावर बसायचा. दारू मेंदूतल्या पाणी राखणाऱ्या संप्रेरकाला दाबते, त्यामुळे लघवी वाढते आणि उरलंसुरलं पाणीही निघून जातं. सकाळी घशाला कोरड, डोक्यात घण. सातच्या पाळीचा भोंगा तर वाजणारच. बदलीवाला फाटकावर वेळेत पोचला नाही तर त्याचा दिवस बुडाला. आईला काळजी या दिवसाची होती.

मुंबई शहरात दारूची तऱ्हा सरकारी धोरणागणिक बदलली. गिरगावच्या वाड्या आणि माहीमचा परिसर एके काळी माडांचा. भंडारी माडी काढायचे. १८७८च्या अबकारी कायद्यानंतर माडांवरचे कर चढत गेले. सौम्य माडी महागली आणि उरणच्या भट्ट्यांतली मोहाची कडक दारू पुढे आली. १ ऑगस्ट १९३९ला डॉ. गिल्डर मंत्री असताना मुंबईत दारूबंदी झाली, पुढे १९४९चा कायदा आला. पिणं थांबलं नाही. ते हातभट्टीकडे गेलं, कुजक्या गुळाच्या आणि नवसागराच्या दारूकडे. साठच्या दशकात परवाने मिळू लागले, तरी आमच्या गल्लीतल्या माणसाला परवडायची ती हातभट्टीचीच.

रात्री कोणी झुलत आला की आई उपदेश करायची नाही. तांब्या पुढे करायची. "आधी पाणी पी, मग आडवा हो." माणूस तिच्या वयाचा असला तरी ऐकायचा, कारण सगळे तिला मावशीच म्हणत. आज हे सोपं वाटेल. तानसाचं पाणी शहरात १८९२पासून येत होतं, पण आमच्या मजल्याला ते सामाईक नळावर, ठरल्या वेळी, हंड्यांच्या रांगेतून मिळायचं. खाणावळीची भांडी, घरातली अंघोळ, पिणं, सगळं त्यातूनच भरून ठेवलेल्या एका पिंपातलं. दारू प्यालेल्याला दिलेला तांब्या आमच्या वाटणीतून जायचा. आईने त्याचा हिशेब कधी खात्यात धरला नाही. वाण्याचं उधार आणि त्यावरचं व्याज तिला पुरेसं होतं.

सकाळी कोकणातल्यांना मीठ घातलेली कोमट पेज, सोबत भाजलेला सुका बांगडा. घाटावरच्यांना पातळ ताक, जिरं-मीठ टाकून. रिकाम्या पोटी चहा ती द्यायची नाही. कोणी उताऱ्याला पुन्हा घोटभर घेऊन यायचा, त्याला ती दारातच अडवायची. त्या घोटाने त्रास फक्त पुढे ढकलला जातो, हे तिने इतकी माणसं पाहून ओळखलं होतं.

१९७१मध्ये बनगावच्या निर्वासित छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ-साखरेच्या पाण्याने कॉलऱ्याचे असंख्य रुग्ण वाचवले. ते वाचलं तेव्हा मला आईची पेज आठवली. पाणी, मीठ आणि तांदळाचं सत्त्व. शरीराला पाणी धरून ठेवायला हेच लागतं. मात्र पाण्याने दारू लवकर उतरत नाही. यकृत आपल्या गतीने काम करतं, आणि सकाळचा त्रास किती होणार हे किती प्यायलात यावरच बहुतेक ठरतं. तहान भागते, डोकं थोडं हलकं होतं, इतकंच. म्हणून पिण्याच्या मध्येमध्ये पाणी घ्यावं, जेवून प्यावं आणि लवकर थांबावं.

१९७५ला प्रेमाताई पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ उभारलं, खाणावळवाल्यांना बँकेचं कर्ज मिळू लागलं. सात वर्षांनी गिरण्यांचा संप झाला, गाळे ओस पडले, पेजेचा टोप माळ्यावर गेला.

आता ३१ डिसेंबरला नातवाच्या मित्रांसाठी मी लिंबू-मीठ-साखरेचं पाणी करून ठेवते. एक गोष्ट त्यांना दर वेळी बजावते. दुसऱ्या दिवशी नजर धूसर झाली, श्वास जड झाला, पोटात असह्य कळा आल्या, तर ताक-पेज करत घरी बसायचं नाही. दारूत मिथाइल अल्कोहोल असू शकतं, ते विष आहे. २०१५ला मालाडच्या मालवणीत त्याने शंभरावर माणसं गेली. म्हणून अशा वेळी थेट परळला केईएम गाठायचं, आणि काय, कुठे प्यायलो ते डॉक्टरांना खरं सांगायचं.