अंगठा आणि शीर

ज्यांचा जन्म भाताच्या चिखलात आणि मिठागरांत गेला, त्यांच्या बोटांवरच्या रेघा उतारवयात पुसट होतात. आमच्या जासईत असे हात मी पुष्कळ पाहिले आहेत. रेशनच्या दुकानातील यंत्रावर एखाद्या म्हातारीचा अंगठा चार वेळा टेकवूनही जुळत नाही, तेव्हा कष्टांनीच तिची ओळख पुसली की काय, असे मनात येते.

या ठशांचा इतिहास आपल्याच देशातला. १८५८ साली बंगालमधील जंगीपूर येथे विल्यम हर्शेल या इंग्रज अंमलदाराने राज्यधर कोनाई या कंत्राटदाराच्या तळहाताचा ठसा करारावर उमटवून घेतला. पुढे त्याने सही नाकारू नये, हा हेतू. १८९७ साली कलकत्त्यास ठशांचे कार्यालय निघाले. अझीझुल हक व हेमचंद्र बोस यांनी ठशांची वर्गवारी बसविण्यात मोठा वाटा उचलला.

परंतु कातडी झिजते, तिच्याखालच्या शिरा तशा झिजत नाहीत. हाताच्या पाठीवरील शिरांचे जाळे माणसागणिक वेगळे असते, असे मत इटलीतील पादुआचे प्राध्यापक आरिगो तामासिया यांनी विसाव्या शतकाच्या आरंभीच मांडले होते. १९३५ साली सायमन व गोल्डस्टीन या अमेरिकन डॉक्टरांनी डोळ्याच्या आतील पडद्यावरील रक्तवाहिन्यांविषयी तेच सांगितले. डोळ्यांना न दिसणारे अवरक्त किरण हातावर टाकले, की शिरांमधले, प्राणवायू देऊन परतणारे रक्त ते शोषून घेते आणि शिरांचे जाळे काळ्या रेघांनी उमटते. जपानमधील बँकांनी २००४ च्या सुमारास ही ओळख पैसे देणाऱ्या यंत्रांवर आणली.

आपल्याकडे २०१० साली नंदुरबार जिल्ह्यातील टेंभली गावी पहिले आधार क्रमांक वाटले गेले. त्यासाठी चेहरा, दहा बोटे आणि दोन्ही बुबुळे टिपतात, शिरा नाहीत.

मात्र माणूस कोण, हे कळल्याने त्याचे देणे आपोआप फिटत नाही. नव्या मुंबईसाठी १९७० नंतर ९५ गावांच्या जमिनी घ्यायचे ठरले, तेव्हा शेतकऱ्यांची नावे सरकारी दप्तरात होतीच. तरीही न्याय्य मोबदल्यासाठी जासईचे सुपुत्र दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली लढावे लागले. १९८४ च्या जानेवारीत गोळीबारात पाच जण हुतात्मे झाले. साडेबारा टक्के विकसित जमिनीचा हक्क त्यातून आला.

उद्या शिरा ओळखणारे यंत्र आमच्या दुकानात आले, तर मी त्याचे स्वागतच करीन. तोवर मात्र जिला सारा गाव आजी म्हणून हाक मारतो, तिला अंगठ्यापायी रिकाम्या पिशवीने परत धाडू नये.