आवाज चालू, चित्र अडकलेले

आपल्या भागातल्या मुस्लिम घरांचा इतिहास लिहायला बसले की साधने फार थोडी हाती लागतात. एखादी इनामाची सनद, निकाहनाम्याची जीर्ण प्रत, दादी-नानीने सांगितलेल्या चार गोष्टी. १९८० नंतरच्या काळासाठी मात्र एक साधन घरोघरी आहे आणि अभ्यासक त्याकडे ढुंकूनही पाहत नाहीत. ते म्हणजे लग्नाच्या कॅसेट आणि सीड्या. त्यात माणसे आहेत, कपडे आहेत, बोली आहे, दस्तरख्वानावर काय वाढले होते तेही आहे. ती वाचायला मोडी शिकावी लागत नाही, पण यंत्र लागते. आणि यंत्राची लिपी मोडीपेक्षा कितीतरी लवकर बदलते.

आमचे उंब्रज महामार्गावरचे, तारळी-कृष्णेच्या संगमावरचे गाव. १९८२ च्या आशियाई खेळांच्या निमित्ताने देशात रंगीत टीव्ही आला आणि त्याच्या मागोमाग व्हीसीआर. आमच्या घरातला व्हीसीआर आखातात नोकरी करणाऱ्या चिपळूणकडच्या नातेवाइकांकडून कुंभार्ली घाट चढून आला. ज्यांच्याकडे नव्हता ते एका रात्रीसाठी भाड्याने आणत आणि पहाटेपर्यंत तीन सिनेमे बघून पैसे वसूल करत.

मग व्हिडिओ सीडी आली. तिचे मानक १९९३ चे. पाश्चात्त्य देशांनी ती फारशी जवळ केली नाही. ते व्हीएचएसवरून थेट डीव्हीडीवर गेले. आशियात मात्र ती घराघरांत पोहोचली, कारण स्वस्त होती. एका चकतीत सुमारे ७४ मिनिटे मावत, म्हणून निकाह पहिल्या चकतीत आणि रुखसती दुसऱ्या चकतीत! मालेगावात व्हिडिओ पार्लर चालवणाऱ्या शेख नासिर यांनी २००० मध्ये 'मालेगाव के शोले' काढला तो याच व्हिडिओच्या दुनियेत. यंत्रमाग कामगारांच्या त्या गावाने साध्या कॅमेऱ्यावर स्वतःचा सिनेमा उभा केला. फैज़ा अहमद खान यांच्या २००८ च्या 'सुपरमेन ऑफ मालेगाव' या माहितीपटामुळे तो जगाला कळला. तो सिनेमा आणि आपल्या लग्नाच्या कॅसेट एकाच कुळातल्या आहेत, हे सहसा कोणी म्हणत नाही.

२०१० च्या सुमारास आम्ही हे सगळे एका छोट्या संगणकात भरले आणि तो दिवाणखान्यातल्या टीव्हीला जोडला. जुन्या कॅसेट, सीड्या, त्याच वर्षीच्या वलीम्याचे नवे एचडी चित्रीकरण, सगळे एका जागी. रिमोटवर चालणारे हे घरगुती थिएटर काही वर्षे उत्तम चालले. पुढे जुन्या प्रणालीला सुरक्षेच्या दुरुस्त्या मिळणे थांबणार होते म्हणून नवी प्रणाली घातली आणि चमत्कारिक गोष्ट घडली. १९९९ च्या निकाहची सीडी झुळझुळ चालत होती. १९८० च्या दशकातली कॅसेटवरून उतरवलेली फीतही चालत होती. अडकत होता तो २०१० चा वलीमा. आवाज अखंड, चित्र मात्र दोन-दोन सेकंद गोठलेले. मरहूम दादी दुआ देत आहेत हे ऐकू येई, ओठ मात्र हलत नसत. अम्मी दर वेळी विचारायच्या, "रुक गया क्या?"

सर्वांत जुने चालते आणि मधलेच का अडकते? सीडीच्या एका चौकटीत ३५२ × २८८, म्हणजे जेमतेम एक लाख ठिपके. १९२० × १०८० च्या चौकटीत वीस लाखांहून जास्त. शिवाय ती एच.२६४ या २००३ च्या पद्धतीने आवळलेली. ती उलगडण्याचे काम त्या स्वस्त संगणकाचा प्रोसेसर करतच नव्हता. शेजारची ग्राफिक्स चिप करत होती. त्या चिपशी बोलणारा दुभाषा म्हणजे ड्रायव्हर, आणि नव्या प्रणालीसाठी तो कोणी तयारच केला नव्हता. मग सगळा भार प्रोसेसरवर पडला. एक लाखाचे ओझे तो हसत उचले, वीस लाखांच्या ओझ्याखाली वाकला. अशा वेळी प्लेअर आवाजाला घड्याळ मानतो आणि वेळेत तयार न झालेल्या चौकटी टाकून देतो, कारण आवाजातली खंड कानाला लगेच खुपते, चित्रातली डोळा थोडी सहन करतो. फाइल शाबूत होती. डिस्कही शाबूत होती.

हा केवळ एका घरातल्या दुभाष्याचा प्रश्न नाही. कोणते चित्र चालेल हे पुष्कळदा परवान्याचा हिशेब ठरवतो. डीव्हीडीतल्या एमपेग-२ पद्धतीवर पेटंट होती. अमेरिकेतले शेवटचे २०१८ मध्ये संपले. तोवर ती वापरणाऱ्याला शुल्क भरावे लागे. म्हणूनच २०१२ च्या विंडोज ८ मधून डीव्हीडी चालवण्याची अंगभूत सोय गेली. २००२ मध्ये सुरू झालेले मीडिया सेंटरही २०१५ च्या विंडोज १० मध्ये उरले नाही. उलट बाजूने, २०१३ ची एचईव्हीसी पद्धत जवळपास निम्म्या जागेत तेच चित्र बसवते, पण २०१० ची चिप तिला ओळखतच नाही. म्हणजे हल्ली भाच्याने फोनवर काढलेला अकीका या जुन्या संगणकाला परका. पॅरिसच्या विद्यार्थ्यांनी १९९६ मध्ये सुरू केलेल्या प्रकल्पातून निघालेला व्हीएलसी हा मुक्त प्लेअर बहुतेक जुने-नवे सगळे वाचतो; कमकुवत प्रोसेसरला ताकद देणे मात्र त्याच्याही हातात नाही.

भारतीय बोलपटांचा इतिहास ज्यापासून सुरू होतो त्या १९३१ च्या 'आलम आरा'ची आज एकही प्रत उपलब्ध नाही. पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय स्थापन झाले ते १९६४ मध्ये, तेहेतीस वर्षांनी. निदान सिनेमासाठी ते झाले. उंब्रज, कराड, मिरजेच्या कपाटांतल्या चकत्यांसाठी कोणतेच संग्रहालय नाही. घरी लिहिलेल्या सीडीतला रंगाचा थर वर्षागणिक फिका पडतो आणि व्हीसीआर तर बनतच नाहीत. जपानच्या फुनाई कंपनीने जुलै २०१६ मध्ये शेवटचे बनवले.

आम्ही दोन कामे केली. मूळ फायली जशाच्या तशा दोन वेगळ्या डिस्कवर उतरवल्या. नव्या पद्धतीत बदललेल्या प्रती वेगळ्या ठेवल्या, कारण प्रत्येक वेळी पुन्हा आवळताना थोडा तपशील गळतो आणि तो परत येत नाही. आणि त्या छोट्या संगणकात जुनीच प्रणाली पुन्हा घालून त्याची इंटरनेटची तार काढून टाकली. शेजारचा मुलगा त्याला भंगार म्हणतो. त्यात दादी बोलतात तेव्हा त्यांचे ओठ हलतात. आता गल्लीतली दोन घरे आपापल्या सीड्या घेऊन येणार आहेत. एका चकतीवर तर मार्करने नुसते 'बडे अब्बा, उरूस' एवढेच लिहिले आहे, साल नाही.