हरिश्चंद्राचा कारखाना

बीड, परळी, अंबाजोगाई ह्या बाजूचीं शिकलेलीं मुलें आज पुण्यास जातात, चार-पांच स्नेही मिळून एखादी खोली भाड्यानें घेतात, आणि कांहीं नवी वस्तु थोडक्या महिन्यांत लोकांपुढें आणण्याची खटपट करितात. ह्या उद्योगास ‘स्टार्टअप’ असें नांव पडलें आहे. नांव नवें असलें तरी रीत महाराष्ट्रास नवी नाहीं. जी गोदावरी गेवराई आणि माजलगांव ह्या तालुक्यांच्या शिवेवरून वाहते, तिच्या उगमापाशीं, त्र्यंबकेश्वरीं, ३० एप्रिल १८७० रोजीं जन्मलेल्या एका गृहस्थानें हाच प्रयोग मुंबईंत, आपल्या राहत्या घरांत करून दाखविला. ते धुंडिराज गोविंद उर्फ दादासाहेब फाळके.

चाळिशी उलटेपर्यंत फाळक्यांनीं अनेक धंदे हाताळले होते. मुंबईचें जे. जे. कलाविद्यालय आणि बडोद्याचें कलाभवन येथें ते शिकले; छायाचित्रें काढलीं, पुराणवस्तु खात्यांत नोकरी केली, पुढें छापखाना काढला आणि भागीदारांशीं न पटल्यानें तो सोडला. वरवर पाहतां ही धरसोडच. परंतु चित्रकला, छायाचित्रण, रसायनें, यंत्रें आणि जादूचे खेळ ह्या साऱ्या विद्या एकाच मनुष्याच्या ठायीं एकत्र झाल्या, हा ह्या धरसोडीचा लाभ. अशा वेळीं गिरगांवांतील एका तंबूवजा चित्रगृहांत त्यांनीं ख्रिस्तचरित्राचा चित्रपट पाहिला. पडद्यावर ख्रिस्त चालतांना दिसत होता, आणि फाळक्यांच्या मनांत राम व कृष्ण उभे राहत होते.

त्यानंतरचे कांहीं महिने त्यांनीं रोज चित्रें पाहण्यांत व उपकरणांशीं झटण्यांत घालविले, इतके कीं त्यांची दृष्टि कांहीं काळ अधू झाली. उपचारानें ती परत आली. जीवनविम्याचे कागद गहाण ठेवून त्यांनीं पैसा उभा केला आणि फेब्रुवारी १९१२ मध्यें लंडनची बोट गांठली. तेथें ‘बायोस्कोप’ पत्राचे संपादक कॅबोर्न ह्यांनीं प्रथम ह्या धंद्यांत न पडण्याचा सल्ला दिला, पण पुढें त्यांनींच हेपवर्थ ह्या चित्रनिर्मात्याशीं ओळख करून दिली. हेपवर्थनें आपली चित्रशाळा मोकळ्या मनानें दाखविली. विल्यमसन कंपनीचा कॅमेरा व फिल्मला भोंकें पाडण्याचें यंत्र विकत घेऊन, कच्च्या फिल्मची मागणी नोंदवून, फाळके एप्रिलच्या आरंभीं मुंबईस परतले. सारा प्रवास दोन महिन्यांचा.

येथें त्यांनीं जें केलें तें विशेष लक्षांत घेण्याजोगें आहे. हरिश्चंद्राच्या कथेस त्यांनीं लगेच हात घातला नाहीं. कुंडींत वाटाण्याचा दाणा पेरला, कॅमेरा समोर एका जागीं रोवला, आणि अंकुर वाढत असतां थोड्या थोड्या अंतरानें एकेक चित्र घेतलें. महिनाभराची ती वाढ पडद्यावर मिनिटभरांत दिसली! ‘अंकुराची वाढ’ ह्या इवल्याशा चित्रांत नट नव्हता, पोशाख नव्हता, भाड्याची जागा नव्हती. खर्च जवळजवळ शून्य. परंतु कॅमेरा चालतो, फिल्म धुतां येते, आणि हा मनुष्य बोलतो तें करून दाखवितो, ह्या तिन्ही गोष्टी त्यानें सिद्ध केल्या. तें पाहून सावकार पैसे द्यावयास तयार झाले. कमी पडलें तें सरस्वतीबाईंच्या अंगावरील दागिन्यांनीं भरून निघालें.

दादरच्या घरांत काम सुरू झालें. सिनेमांत काम करणें म्हणजे अब्रूस बट्टा, असा तो काळ. म्हणून मंडळींनीं बाहेर विचारल्यास आपण हरिश्चंद्राच्या कारखान्यांत नोकरीस आहों असें सांगावें, अशी युक्ति फाळक्यांनीं काढली. ती फार खोटीही नव्हती. कॅमेरा चालविण्यास त्र्यंबकराव तेलंग हे बाळपणचे मित्र. हरिश्चंद्र दत्तात्रय दाबके. रोहिदास फाळक्यांचा स्वतःचा मुलगा भालचंद्र. तारामतीसाठीं मात्र एकही स्त्री मिळेना. कलावंतिणींनीं व वेश्यांनींसुद्धां नकार दिला. अखेर ग्रँट रोडवरील एका उपाहारगृहांत दहा रुपये पगारावर काम करणारा अण्णा साळुंके हा सडपातळ पोऱ्या फाळक्यांनीं पंधरा रुपयांवर आणला, आणि तोच महाराणी झाला. स्त्रीपार्टी पुरुषांस मिशा काढावयास लावणें हेंही एक प्रकरणच होतें, कारण बाप जिवंत असतां मिशी काढणें अशुभ मानीत.

त्या घरांत खात्याखात्यांच्या भिंती नव्हत्या. कथा, पडदे, रंगभूषा, दिग्दर्शन, फिल्म धुणें व जोडणें, सारें फाळके स्वतः पाहत. दिवसा घेतलेलें चित्र रात्रीं घरींच धुऊन पाहतां येई, आणि चूक निघाली तर दुसऱ्या दिवशीं तोच प्रसंग पुन्हा घेतां येई. कोणाची मंजुरी नको, कीं कोणास पत्र नको. ह्या वेगाचें रहस्य मुख्यतः येथें आहे. परंतु त्याची किंमत कोणी दिली हेंही नमूद केलें पाहिजे. कच्ची फिल्म भोंकें न पाडलेली येई. तीं भोंकें अंधारांत बसून पाडण्याचें काम सरस्वतीबाई करीत. उन्हांत पांढरी चादर धरून उजेड नटांच्या तोंडावर पाडीत. आणि साठ-सत्तर माणसांचा स्वयंपाक त्यांच्याच हातचा. चित्रपटाच्या इतिहासांत त्यांचें नांव फार उशिरां आलें. हा अन्याय अजून पुरता फिटलेला नाहीं.

सहा महिने सत्तावीस दिवसांत ३,७०० फुटांचें चित्र तयार झालें. २१ एप्रिल १९१३ रोजीं ऑलिंपिया थिएटरांत निमंत्रितांस आणि ३ मे १९१३ रोजीं गिरगांवच्या कॉरोनेशनमध्यें सर्वांस ‘राजा हरिश्चंद्र’ दाखविण्यांत आला. मुंबईंत गर्दी लोटली. सुरतेस मात्र पहिल्या दिवशीं तीनच रुपये जमले. थोडक्या आण्यांत रात्रभर नाटक पाहणाऱ्या लोकांस दीड तासाचा खेळ महाग वाटला. फाळक्यांनीं चित्रांत कांहींएक बदल न करितां जाहिरात बदलली: तीन आण्यांत सत्तावन्न हजार छायाचित्रें आणि दोन मैल लांबीचें चित्र! गणितास ही लांबी मान्य नाहीं, कारण ३,७०० फूट म्हणजे पाऊण मैलही भरत नाहीं. परंतु सुरतकर फूटपट्टी घेऊन आले नव्हते, आणि थिएटर भरलें.

पुढें बिऱ्हाड नाशकास हललें. ‘मोहिनी भस्मासुर’ आणि ‘सत्यवान सावित्री’ हीं चित्रें पाठोपाठ आलीं. १९१४ सालीं फाळके पुन्हा लंडनला गेले, तेव्हां तेथें राहून काम करण्याची विनंती त्यांस झाली. ती त्यांनीं नाकारली. इतक्यांत महायुद्ध पेटलें, भांडवलवाल्यांनीं हात आंखडले, आणि घरची मंडळी उपाशी राहण्याची वेळ आली. तरी १९१७ सालीं ‘लंकादहन’ निघालें, आणि त्यांत साळुंक्यांनीं राम व सीता ह्या दोन्ही भूमिका केल्या.

१९१८ सालीं हिंदुस्थान फिल्म कंपनी स्थापन झाली. आतां पैसा होता, भागीदार होते. ‘श्रीकृष्णजन्म’ व ‘कालियामर्दन’ गाजले. परंतु वेळ किती लागावा, खर्च किती व्हावा, ह्यावर वाद सुरू झाले. जो मनुष्य रात्रीं स्वतः निर्णय घेऊन सकाळीं कामास लागत असे, त्यास आतां प्रत्येक गोष्टीचा जाब द्यावा लागे. फाळके कंपनी सोडून काशीस गेले आणि नाटक लिहीत बसले. कांहीं काळानें ते परतले, पण पूर्वीची घडी बसली नाहीं. भागीदारांची बाजू अगदींच पोकळ होती असें म्हणतां येणार नाहीं. पैसा त्यांचा होता, आणि फाळके हिशेबाचे गृहस्थ नव्हते.

‘सेतुबंधन’ ह्या मूकपटास दोन वर्षें लागलीं. तो १९३२ सालीं पुरा होण्यापूर्वींच, १४ मार्च १९३१ रोजीं, ‘आलम आरा’ हा बोलपट मुंबईंत लागला होता. लोकांस बोलणारीं माणसें हवीं झालीं, म्हणून तयार मूकपटास मागाहून आवाज जोडावा लागला. शेवटचें ‘गंगावतरण’ कोल्हापूरच्या कंपनीसाठीं काढलें; चित्रशाळा मोठी, मदतीस माणसें पुष्कळ, आणि तरी त्यासही दोन वर्षेंच लागलीं. तें १९३७ सालीं प्रसिद्ध झालें. गोदावरीच्या उगमाशीं जन्मलेल्या माणसाचें अखेरचें चित्र गंगेच्या अवतरणाचें होतें. १६ फेब्रुवारी १९४४ रोजीं नाशकास, त्याच नदीच्या कांठीं, त्यांचा अंत झाला.